परत येणारा पाना

आणि वर आमचे हे मलाच विचारतात, पाना परत कधी येणार! मला? मी काय पान्याच्या मागे फिरत असते? अहो, तुमच्या हातांनी तुम्ही तो उघडलात, धुतलात, पुसलात, तेल पाजलंत, नवाकोरा करून ठेवलात आणि आता गेला तर मला विचारताय? माझं म्हणणं एवढंच, की जुनी वस्तू दुरुस्त करायला घेण्याआधी माणसानं तिला शांतपणे विचारावं, बाई गं, तू खरंच बिघडली आहेस, की तुझं आपलं असंच असतं? पण नाही. आमच्या ह्यांना कुठलीही वस्तू गप्प बसलेली दिसली की त्यांचे हात शिवशिवायला लागतात. जाऊ दे. मला काय करायचंय!

थांबा, पहिल्यापासून सांगते. आमचे हे लिफ्टच्या दुरुस्तीच्या कामावर आहेत. सासरे बसच्या डेपोत फिटर होते, सगळा जन्म बसच्या पोटाखाली आडवं पडून गेला, बसमध्ये बसून कुठे गेलेत असं मला तरी आठवत नाही. तर घरात दोन-दोन कारागीर म्हटल्यावर लोकांना वाटतं, काय बाई मजा, तुमच्याकडे काही बिघडतच नसेल! बिघडत नाही हे खरं आहे. पण बिघडण्यासाठी वस्तू आधी घरात असावी लागते ना? आमची शिडी समोर, हातोडी समोर, ड्रिल मशीन समोर, लांब वायरचा तो बोर्ड समोर, आणि मी माझ्या स्वतःच्या हातानं निवडून आणलेलं ते घडीचं स्टूल... तेही समोर. समोर म्हणजे समोरच्या दारात, लगेचकाकांकडे.

आता लगेचकाका हे काही त्यांचं नाव नव्हे. पण सगळी बिल्डिंग त्यांना तेच म्हणते, कारण ते येतात ते असे, एक पाय दाराच्या आत, एक बाहेर, हात पाठीमागे, चेहरा अगदी गरीब, आणि म्हणतात, "वहिनी, जरा ती शिडी द्या ना, लगेच आणून देतो." तुम्हाला सांगते, शिडी नेली तेव्हा माझे केस काळे होते. माणूस वाईट नाही हो! हसतमुख, कुणाच्या आजारपणात धावून जाणारा. फक्त त्यांच्या घरात गेलेली वस्तू त्यांच्या घरचीच होते, एवढंच.

तुम्ही म्हणाल, मग जाऊन मागायची! मागायची? आमच्या घरात? अहो, डेपोतल्या फिटर लोकांचा एक रिवाज आहे, आणि तो आमच्या घरात घटनेसारखा पाळला जातो. हत्यार मागितलं तर नाही म्हणायचं नाही, आणि दिलेलं हत्यार तोंडानं परत मागायचं नाही. ज्यानं नेलं त्यानं आणून द्यावं, आणि नाही दिलं तर त्याची गरज अजून संपली नाही असं समजावं. आहे की नाही उदार? सासऱ्यांनी हा रिवाज जन्मभर पाळला, ह्यांनी तो दुधाच्या दातांबरोबर उचलला, आणि मी सून म्हणून आले तेव्हा मला कुणी सांगितलंसुद्धा नाही! मी पहिल्याच वर्षी हातोडी मागायला निघाले होते, तर बापलेक दोघं दारात असे आडवे आले, जणू मी भीक मागायला निघाले होते. तेव्हापासून मी ठरवलं. तुमचं घर, तुमची हत्यारं, मला काय करायचंय!

पण... आणि इथे नीट ऐका हं... एक वस्तू अशी होती, की ती लगेचकाकांकडे जायची आणि परत यायची. दरवेळी! सासऱ्यांचा जुना रॅचेट पाना. बघितलाय ना तुम्ही रॅचेट? लांब दांडा, पुढे गोल डोकं, डोक्याला लोखंडी गोटी, म्हणजे पोकळ टोपीच, लावायची, ती नटावर बसवायची आणि दांडा नुसता पुढे-मागे करायचा. एका बाजूला नेला की नट फिरतो, दुसऱ्या बाजूला नेला की नुसता आवाज करत रिकामा मागे येतो... कर्र, कर्र, कर्र. आणि डोक्यावर एक छोटा खटका. तो एका बाणाकडे केला की नट घट्ट होतो, दुसऱ्या बाणाकडे केला की सैल. सोपं आहे. तर लगेचकाका तो पाना घेऊन जायचे, आणि चहाचं आधण ठेवून कपात चहा ओतेपर्यंत दारात हजर! पाना पुढे धरून, चेहरा पडलेला. "बाबा, ह्यात काहीतरी बिघाड आहे हो." सासरे पाना घ्यायचे आणि म्हणायचे, "हं."

हं! आता ह्या 'हं'बद्दल सांगायलाच हवं. आमचे सासरे बोलत नाहीत. म्हणजे मुके नाहीत, पण जन्मभर कान फाटेल अशा आवाजात काम केल्यामुळे की काय, त्यांनी सगळी भाषा एका अक्षरात बसवली आहे. वरून खाली येणारा 'हं' म्हणजे ऐकलं. खालून वर जाणारा 'हं' म्हणजे पटलं नाही. आणि तिसरा, नाकातल्या नाकात, म्हणजे चालू द्या तुमचं. बस. चौथा नाही. आमचे हे शाळेत पहिले आले, 'हं'. नोकरी लागली, 'हं'. लग्न ठरलं, मी समोर बसलेली, नवीन साडी, आणि सासऱ्यांनी माझ्याकडे बघून... 'हं'. मी घाबरले ना! नंतर कळलं तो वरून खाली येणारा होता. पण आमच्या ह्यांचा सगळा जन्म त्या चौथ्या 'हं'ची वाट बघण्यात गेलाय. एकदा तरी बापानं म्हणावं, बरं केलंस. तोंडानं म्हणत नाहीत कधी, पण मला कळतं. पन्नाशीचा माणूस, लिफ्ट दुरुस्त करून घरी येतो, सगळी हकीकत मला सांगतो आणि आवाज मात्र एवढा चढवतो की आतल्या खोलीत ऐकू जावा. आतून काय येतं? नाकातल्या नाकात.

तर रविवारचा कार्यक्रम ठरलेला असायचा. सासरे पाना घेऊन उठणार आणि घरातला एकूण एक नट घट्ट करत फिरणार. खुर्च्या, टेबल, गॅलरीतला कपड्यांचा दांडा, त्यांचा चालायचा वॉकर. सैल असो नसो! आमच्या घरात खुर्ची डुगडुगते म्हणजे काय हे कुणाला माहीत नाही. कर्र कर्र कर्र करत ते ह्या खोलीतून त्या खोलीत जायचे, आणि मी आत पडल्या पडल्या ओळखायचे, आता टेबलाचा डावा पाय चाललाय, आता वॉकर. कटकट वाटायची, खोटं कशाला बोलू?

आणि मग लगेचकाकांनी तो पाना नळाच्या कामाला नेला. नेहमीप्रमाणे परत आला, पण ह्या वेळी ओला. बादलीत पडला होता म्हणे. सासऱ्यांनी पुसला, ठेवला. पण आत पाणी गेलेलं, त्यात जुनं ग्रीस, त्याचा झाला चिखल, चिखलाचा झाला दगड, आणि पाना जो बसला तो बसलाच. खटका हलेना, डोकं फिरेना, आवाज बंद. पहिल्या रविवारी सासऱ्यांनी तो हातात घेतला, दाबून बघितला, मांडीवर ठेवला आणि तसेच बसून राहिले. पुढच्या रविवारी उठलेच नाहीत. जेवायला बोलावलं तर नाकातल्या नाकात 'हं'. त्यांना दुरुस्त करता आला नसता का? एके काळी डोळे मिटून केला असता. पण हात आता थरथरतात, बारीक स्क्रू धरवत नाही, आणि 'मला जमत नाही' हे वाक्य त्या एका अक्षरात बसत नाही. घर इतकं शांत झालं की मला झोप लागेना. अहो, ज्या आवाजाला मी इतकी वर्षं नावं ठेवली, तोच आवाज नाही म्हणून जीव कासावीस! पण बोलणार कोण? मला काय करायचंय!

ह्यांनी मात्र मनावर घेतलं. माझी नणंद सासऱ्यांना डोळे तपासायला म्हणून काही दिवस आपल्या घरी घेऊन गेली, आणि तिची रिक्षा कोपऱ्यावरून वळली असेल नसेल, आमच्या ह्यांनी गॅलरीत टेबल मांडलं, त्यावर जुनी चादर, दिवा, भिंग, चिमटा... मला वाटलं आता हात धुऊन पोटच कापायला घेतात कुणाचं तरी! चेहऱ्यावर तो भाव. मला म्हणाले, बाबा यायच्या आत हा बोलता करायचा. मी म्हटलं करा. म्हणाले, बाबांना काही कळू द्यायचं नाही. मी म्हटलं, मी कशाला सांगते?

पहिला दिवस पाना रॉकेलमध्ये. कशात? माझ्या स्टीलच्या खोल डब्यात. दुसरा कुठलाच डबा घरात नव्हता का? होता! पण ह्याला झाकण घट्ट बसतं म्हणे. आख्ख्या घराला असा वास, की दूधवाला दारातूनच म्हणाला, स्टोव्ह घेतलात का? मग डोक्यावरची पट्टी उघडायची, तर तिचे स्क्रू गंजून लोखंडाशी एकजीव. हे त्यांना तेल लावतात, हळूच ठोकतात, पुन्हा तेल लावतात, कानाशी नेऊन ऐकतात... माझं डोकं दुखतंय म्हटलं तर ह्या माणसानं माझ्याकडे इतकं लक्ष कधी दिलं नाही! शेवटी एक स्क्रू हलला. मग दुसरा. पट्टी उचलली, आणि हे म्हणतात, जरा इकडे ये, बघ काय आहे आत. मी वाकले, आणि सर्रकन काहीतरी माझ्या कानाजवळून गेलं.

स्प्रिंग! तांदळाएवढी स्प्रिंग, आणि तिच्या पुढे बसवलेला एक छर्रा. इतकी वर्षं दाबून ठेवलेली, सुटका झाल्यावर थांबतेय कशाला? मग काय विचारता! दोघं नवरा-बायको गुडघ्यांवर. हे चुंबक घेऊन फरशी चाटल्यासारखे फिरतायत, मी केरसुणीच्या काड्या विंचरतेय. छर्रा सापडला टेबलाच्या खालच्या फळीच्या खाचेत. स्प्रिंग सापडली, पण दोन तुकड्यांत. ह्यांचा चेहरा असा झाला की मला हसू दाबावं लागलं. मग घरातली सगळी पेनं आली टेबलावर. एकेक उघडतायत, स्प्रिंग काढतायत, दाबून बघतायत, ही मऊ, ही लांब, ही वाकडी. शेवटी एकीचा तुकडा कापून बरोबर बसला. स्प्रिंगची सोय झाली, पण त्या दिवसापासून आमच्या घरात एकही पेन धड नाही, पत्ता लिहून घ्यायचा तर पेन्सिलीनं.

आतले दाते घासले, दात्यात अडकणारं ते छोटं चोचीसारखं पोलाद... कारागीर त्याला कुत्रं म्हणतात, सायकलच्या चाकात असतं तसंच... ते घासलं, कड जराशी झिजली होती ती बारीक कानशीनं सरळ केली. आणि खरं सांगते, हात बघण्यासारखा होता हो. घाई नाही, जोर नाही. बापाचा हात, अगदी तसाच. मी चहा ठेवायला निघाले आणि तिथेच उभी राहिले बघत.

तेवढ्यात हे म्हणाले, "अगं, हा तर मुळातच उलटा लावलाय!"

म्हणजे काय, तर खटक्याची खालची कांडी अर्धा फेरा फिरवून बसवली होती. त्यामुळे खटका 'घट्ट'च्या बाणाकडे केला की नट सैल व्हायचा, आणि 'सैल'कडे केला की घट्ट! आता लक्षात आलं ना, लगेचकाकांच्या हातात तो का बिघडायचा? ते बिचारे बाण बघून खटका करणार, नट सोडवायला दांडा ओढणार, आणि नट आणखी आवळला जाणार. ह्यांना इतका आनंद झाला की विचारू नका. मूळ रोगच सापडला! आणि संतापही. म्हणाले, कुणा गाढवानं हा उघडला आणि उलटा लावून ठेवला, आणि बाबा बिचारे जन्मभर तसाच वापरत राहिले.

मी विचारलं, बाबांनी स्वतःचा पाना कधी दुसऱ्या कुणाला उघडू दिला होता का?

ह्यांनी ऐकलं नाही. भिंग डोळ्याला लावलेलं. आणि मलाही दिसत होते ते दोन ठिपके. एक कांडीवर, एक डोक्याच्या लोखंडावर, समोरासमोर. आता हे ठिपके काय ते मला, लग्न करून आलेल्या बाईला, माहीत आहे! आमच्या घरात काहीही उघडायच्या आधी टोकदार पंचानं दोन्ही भागांवर ठिपका मारायचा, आणि परत लावताना ठिपक्यासमोर ठिपका आणायचा, हे सासऱ्यांचं आख्खं तत्त्वज्ञान. ह्यांना पाटीवर अक्षर काढायच्या आधी ठिपका मारायला शिकवलेलं. मिक्सर उघडला तरी ठिपका! माझ्या मिक्सरच्या झाकणावर इतके ठिपके आहेत, की तो देवी येऊन गेल्यासारखा दिसतो. मी म्हटलं, अहो, ते ठिपके... तर म्हणाले, दिसतायत मला, ज्यानं उलटं लावलं त्यानंच नंतर मारले असणार. बाण बघ ना, बाण कारखान्यातून कोरून आलाय, तो कसा चुकेल? बरोबर आहे. बाण कसा चुकेल? मी चहा ठेवायला गेले. मला काय करायचंय!

आणि कांडी फिरवून, बाणाप्रमाणे, सरळ करून, नवं ग्रीस भरून, पट्टी लावून, स्क्रू आवळून आमच्या ह्यांनी दांडा फिरवला. कर्र, कर्र, कर्र. खोटं नाही बोलत, अंगावर काटा आला. घरात घर परत आलं. ह्यांनी तो पिवळ्या फडक्यात गुंडाळून सासऱ्यांच्या खाटेच्या उशाशी ठेवला, मग काढून टेबलावर ठेवला, मग परत उशाशी. नणंदेकडून फोन आला की निघालो, तर हे आंघोळ करून, केस विंचरून तयार! आहे का? बापाला पाना दाखवायला!

सासरे आले. वॉकर टेकत टेकत आत गेले. आम्ही दोघं दाराच्या बाहेर, श्वास रोखून. मी आपली सहज उभी होते हं, कपड्यांच्या घड्या घालत. फडकं उलगडल्याचा आवाज आला. आणि मग... कर्र. थांबले. कर्र, कर्र. ह्यांनी माझा हात धरला. सासरे बाहेर आले ते वॉकर एका हातानं ओढत, दुसऱ्या हातात पाना. डोळ्यांत काय चमक म्हणता! सरळ टेबलाशी गेले, डाव्या पायाच्या नटावर गोटी बसवली, न बघता अंगठ्यानं खटका केला, त्यांच्या सवयीनं, आणि दांडा ओढला.

हात जागच्या जागी थांबला. एकच दाता. एका दात्यात त्या म्हाताऱ्याला कळलं! त्यांनी खटक्याकडे बघितलं. बाणाकडे बघितलं. मग मुलाकडे.

"ठिपके दिसले नाहीत?"

ह्यांनी मान खाली घातली. म्हणाले, दिसले, पण बाण उलटा होता. सासरे तिथेच खुर्चीवर बसले. पाना मांडीवर घेतला, आणि अहो, त्यांच्या तोंडून एकामागोमाग दोन पूर्ण वाक्यं निघाली!

"बाण कंपनीचा होता. ठिपका माझा होता."

आणि मग हळूहळू, एकेक शब्द गंजलेल्या स्क्रूसारखा काढत, त्यांनी सांगितलं. डेपोत हत्यार टिकायचं नाही. मागितलं की द्यायचं, दिलं की मागायचं नाही, आणि त्यांच्याकडे नवा पाना असला की तो दुपारच्या आत कुणाच्या तरी पेटीत. असे कितीतरी गेले. मग त्यांनी हा घेतला, घरी आणून उघडला, कांडी अर्धा फेरा फिरवली आणि ठिपके मारले. झालं. जो नेईल तो खटका बाणाकडे करणार, पाना उलटा चालणार, तो म्हणणार हा बिघडलाय, आणि आणून देणार. खटका दुसरीकडे करून बघायचं कुणाच्या डोक्यात यायचं नाही? मी विचारलंच. तर म्हणाले, बाण दिसला की माणूस खटक्याला हात लावत नाही, पान्याला शिव्या देतो. म्हणून इतकी वर्षं तो टिकला. नाही म्हणावं लागलं नाही, मागावं लागलं नाही. आपोआप घरी यायचा.

म्हणजे ते गाढव कोण, हे मी ह्यांना विचारलं नाही. मला काय करायचंय!

ह्यांचा चेहरा मात्र बघवेना. केवढ्या हौसेनं केलं होतं सगळं. म्हणाले, बाबा, म्हणजे माझं काम चुकलं. आणि सासऱ्यांनी पाना उचलला, कानाशी धरला, हळूच फिरवला, एकेक दाता ऐकला, शेवटपर्यंत. मग म्हणाले, "काम चांगलं झालंय. माझ्यापेक्षा चांगलं."

तुम्हाला सांगते, आमचे हे उठले, गॅलरीत गेले आणि आधीच स्वच्छ असलेलं टेबल पुसत राहिले. डोळे भरले होते, मी पाहिलं. मलाही भरून आलं, आता माणूसच आहे ना मीही! सासरे खुर्चीत बसून पान्याकडे बघत होते आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, चांगला झालाय, म्हणजे आता राहायचा नाही. मग ह्यांना हाक मारली, हत्यारं आण, उघडू पुन्हा, कांडी फिरवू. हे स्क्रूड्रायव्हर घेऊन धावत आले, दोन डोकी दिव्याखाली वाकली, पहिल्या स्क्रूला टोक लागलं...

आणि बेल वाजली.

एक पाय आत, एक बाहेर, हात पाठीमागे. "वहिनी, कर्र कर्र ऐकलं, म्हटलं पाना सुधारला वाटतं! पलंगाचा एक नट काढायचाय, जरा द्या ना. लगेच आणून देतो."

मी सासऱ्यांकडे बघितलं. सासऱ्यांनी मुलाकडे. हे माझ्याकडे. अहो, एकानं तरी म्हणावं ना, आत्ता नाही! काम चाललंय म्हणा, हरवला म्हणा, पाना पोटुशी आहे म्हणा! पण रिवाज म्हणजे रिवाज. सासऱ्यांनी स्क्रू परत आवळला, पाना फडक्यानं पुसला आणि दिला. वर गोटीही दिली. लगेचकाकांनी दारातच दांडा फिरवून बघितला, बाणाकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा फुलला, असा फुलला, की मला कळलं, शिडीला सोबत मिळाली.

चहा झाला. जेवण झालं. बापलेक दाराकडे तोंड करून बसलेले. समोरून आवाज येतोय, कर्र कर्र कर्र. पलंगाचा एक नट? त्या घरात तेवढे नट असतील असं मला वाटलंच नव्हतं! संध्याकाळी ह्यांनी मागायचं नाही ह्या अटीत बसेल अशी एक युक्ती काढली. समोर गेले आणि म्हणाले, पान्याला जरा तेल घालायचं राहिलंय. लगेचकाका म्हणाले, छे हो, काय उत्तम दुरुस्त केलाय तुम्ही, लोण्यासारखा चालतो, तेलाची काही गरज नाही! आणि ह्यांची पाठ थोपटून घरी पाठवलं. स्वतःच्याच कामाची तारीफ ऐकून, रिकाम्या हातांनी हे परत.

आता? आता काय, पाना समोर, आवाज समोर. रविवारी कर्र कर्र सुरू झालं की सासरे भिंतीला डोकं टेकून ऐकतात आणि ह्यांना म्हणतात, ऐक, दाते कसे स्वच्छ बोलतायत. तो चौथा 'हं' शेवटी सापडला म्हणायचा. आणि गेल्या रविवारी तर ते उठलेच. वॉकर घेतला आणि म्हणाले, ह्याचा नट सैल झालाय, जरा समोर जाऊन आवळून येतो, लगेच येतो. लगेच! जेवणं झाली, भांडी झाली, तरी पत्ता नाही. जाऊन बघते तर लगेचकाका फरशीवर बसलेले, सासरे आमच्याच स्टुलावर बसून त्यांना नट कसा आवळायचा ते शिकवतायत, बोलतायत, अहो, वाक्यंच्या वाक्यं बोलतायत! आता रोज जातात.

म्हणजे बघा, चांगलं चालणारं जे काही ह्या घरात होतं, ते समोर गेलं ते गेलंच. शिडी गेली, स्टूल गेलं, पाना गेला, सासरे गेले. आमचे हे मात्र कुठेही पाठवा, समोर पाठवा, बाजारात पाठवा, गावाला पाठवा... लगेच परत येतात. मी काही म्हणत नाही. मला काय करायचंय!